काकासाहेब गाडगीळ : एक पराभव आणि अखंड लोकसेवा

निवडणुकीत विद्यमान लोकप्रतिनिधीचा पराभव होणे ही आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसराला नवी गोष्ट नाही. भोसरी आणि खेड-आळंदी हे विभाग ज्या शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात, तेथे सलग तीन वेळा खासदार झालेले शिवाजीराव आढळराव पाटील यांना २०१९ साली डॉ. अमोल कोल्हे यांच्याकडून पराभव स्वीकारावा लागला. मतदार ज्याला मानाने खुर्चीवर बसवितो, त्यालाच एके दिवशी शांतपणे उतरण्यास सांगतो. लोकशाहीचे हे सामर्थ्य आहे. परंतु उतरलेल्या माणसाचे पुढे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. विजयी उमेदवाराच्या मिरवणुकीच्या गुलालात पराभूताचा चेहरा दिसेनासा होतो.

पुणे जिल्ह्याच्या इतिहासात असा एक पराभव होऊन गेला, की ज्याची आठवण आजही उद्बोधक ठरावी. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुण्याचे विद्यमान खासदार, स्वातंत्र्यसैनिक आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातील मंत्री नरहर विष्णू ऊर्फ काकासाहेब गाडगीळ पराभूत झाले. ज्या प्रश्नावर ते हरले, त्या प्रश्नावर त्यांचे मत मतदारांच्या मतापेक्षा वेगळे नव्हते. आणि या पराभवाने त्यांचे सार्वजनिक जीवन संपलेही नाही. काकासाहेबांच्या जीवनाचा हा अल्प परिचय.

बालपण आणि शिक्षण

काकासाहेबांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी मध्य भारतातील मल्हारगड येथे झाला. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या या मराठी मुलाने पुढे पुणे हीच आपली कर्मभूमी मानली. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१८ साली ते पदवीधर झाले आणि दोन वर्षांनी त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली. त्याच वर्षी, १९२० मध्ये, लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि राष्ट्रीय चळवळीची सूत्रे महात्मा गांधींच्या हाती आली. वकिलीत स्थिरावण्याच्या वयात काकासाहेबांनी काँग्रेसच्या कार्याला वाहून घेतले. १९२१ पासून काही वर्षे ते पुणे जिल्हा काँग्रेसचे चिटणीस होते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना आठ वेळा कारावास घडला.

त्या काळचे पुणे हे तीव्र सामाजिक दुफळीचे शहर होते. ब्राह्मणेतर चळवळ आणि काँग्रेस यांच्यामध्ये खोल दरी होती. काँग्रेस ही शहरातील पांढरपेशांची संस्था आहे, अशी खेड्यापाड्यांतील बहुजन समाजाची भावना होती आणि ती निराधार नव्हती. ही दरी बुजविण्याचे काम ज्या थोड्या व्यक्तींनी केले, त्यांत काकासाहेब गाडगीळ आणि केशवराव जेधे यांची नावे एकत्रच घेतली जातात. एक ब्राह्मण वकील आणि दुसरे ब्राह्मणेतर चळवळीतील तडफदार मराठा नेते. या दोघांच्या मैत्रीमुळे १९३० च्या सुमारास बहुजन समाजातील कार्यकर्ते मोठ्या संख्येने काँग्रेसकडे वळले. हवेली, मावळ, खेड या तालुक्यांतील शेतकऱ्याला राष्ट्रीय चळवळ आपली वाटू लागली, त्यामागे या मैत्रीचा मोठा वाटा होता. अस्पृश्यता निवारणासारख्या सुधारणांच्या बाजूनेही काकासाहेब स्वकीयांचा रोष पत्करून उभे राहिले.

१९३४ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. तेथे काँग्रेस पक्षाचे प्रतोद आणि चिटणीस म्हणून त्यांनी काम पाहिले. पक्षाचा आदेश सर्व सभासदांकडून पाळून घेणे हे प्रतोदाचे काम. पक्षशिस्तीचा हा संस्कार त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला असावा. पुढे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

स्वतंत्र भारताचे मंत्री

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि पंडित नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात काकासाहेबांकडे बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती आली. ही खाती ऐकायला रुक्ष असली, तरी नवजात राष्ट्राच्या संसाराचा पाया याच खात्यांनी घालावयाचा होता.

फाळणीमुळे काश्मीरकडे जाणारे जुने, सोयीचे मार्ग पाकिस्तानात गेले. एक रावळपिंडीवरून झेलमच्या खोऱ्यातून जात असे, तर दुसरा सियालकोटवरून जम्मूला पोहोचत असे. भारताच्या हाती पठाणकोट ते जम्मू हा सुमारे १०० किलोमीटरचा कच्चा, नद्यानाल्यांनी अडविलेला रस्ता तेवढा उरला. काश्मीरमध्ये युद्ध पेटलेले असताना सैन्याला आणि नागरिकांना रसद पोहोचविण्यासाठी हा मार्ग तातडीने पक्का करणे आवश्यक होते. बांधकाम मंत्री म्हणून काकासाहेबांनी हे काम हाती घेऊन तडीस नेले.

याच काळात निर्वासितांचे लोंढे देशभर येत होते. आपल्या पिंपरीतही सिंधमधून आलेल्या बांधवांची छावणी उभी राहिली आणि त्यातूनच आजची पिंपरीची बाजारपेठ बहरली. लक्षावधी माणसांना डोक्यावर छप्पर देणे ही त्या सरकारची पहिली कसोटी होती.

विजेच्या क्षेत्रातील त्यांचे काम आपल्या औद्योगिक पट्ट्याला विशेष जवळचे आहे. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा त्यांनी मंत्री या नात्याने संमत करून घेतला आणि १९४८ साली ते महामंडळ अस्तित्वात आले. त्याच वर्षी वीज पुरवठा कायदा झाला. राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन झाली ती याच कायद्यामुळे. भाक्रा आणि हिराकूड या धरणांच्या कामांना त्यांच्या कारकिर्दीत चालना मिळाली, तसेच कोयना प्रकल्पाच्या प्रारंभीच्या पाठपुराव्यातही त्यांचा सहभाग होता. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही हवेली तालुक्यातील शेतीची गावे पुढील एका पिढीत कारखान्यांचे नगर बनली आणि नंतर चाकणच्या माळरानावरही यंत्रांचा आवाज घुमू लागला. या भरभराटीमागे अनेकांचे हात आहेत. परंतु कारखाना उभा राहण्याआधी वीज यावी लागते आणि वीज येण्याआधी कोणीतरी कायदा करावा लागतो, हे आपण विसरू नये.

सोमनाथ मंदिराच्या पुनर्निर्माणाच्या निर्णयातही सरदार वल्लभभाई पटेलांबरोबर त्यांचा सहभाग होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. मात्र त्यानंतर बनलेल्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले नाही. मंत्रिपद गेले तरी ते खासदार म्हणून आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य म्हणून कार्यरत राहिले.

संयुक्त महाराष्ट्राचा पेच

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेलुगू भाषकांचे आंध्र राज्य आधीच झाले होते. कन्नड आणि मल्याळी भाषकांनाही आपापली राज्ये मिळणार होती. मराठी माणसाला मात्र गुजरातीसह द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ अशी शिफारस वाचावी लागली. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली.

या वेळी काकासाहेब गप्प बसले नाहीत. सत्ताधारी पक्षाचे सभासद असूनही त्यांनी लोकसभेत मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची बाजू अत्यंत प्रभावीपणे मांडली. मराठी जनतेची न्याय्य मागणी संसदेत ऐकली गेली नाही, तर मुंबईचा निर्णय मुंबईच्या रस्त्यांवर होईल, असा इशारा त्यांनी दिला. त्यावर मोठे वादळ उठले. त्यांनी हिंसेला चिथावणी दिली, अशी टीका झाली. वस्तुतः येणाऱ्या संकटाची ती पूर्वसूचना होती. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय नेहरूंनी जाहीर केला आणि मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात माणसे पडू लागली. या लढ्यात शंभराहून अधिक मराठी माणसांनी प्राण गमावले. मुंबईतील हुतात्मा चौक त्यांचीच आठवण सांगतो.

फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. जुलैमध्ये केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला. मराठी माणसाच्या मनात त्यांचे स्थान अढळ झाले. ऑगस्टमध्ये संसदेने विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचा मार्ग स्वीकारला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य अस्तित्वात आले.

आता काकासाहेबांपुढे कठीण पेच होता. जे त्यांना मान्य नव्हते, ते त्यांच्याच पक्षाने ठरविले होते. पक्ष सोडावा, की आतून प्रयत्न करीत राहावे? ज्या संस्थेसाठी तारुण्य वेचले, आठ वेळा तुरुंग पत्करला, तिच्यातून एका प्रश्नावर बाहेर पडणे त्यांना मान्य झाले नाही. ते काँग्रेसमध्येच राहिले आणि १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून पुण्यातून उभे राहिले.

१९५७ ची निवडणूक

समितीतर्फे त्यांच्यासमोर प्रजा समाजवादी पक्षाचे नारायण गणेश ऊर्फ नानासाहेब गोरे उभे होते. १९०७ साली कोकणातील हिंदळे येथे जन्मलेले नानासाहेब हे काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, विचारवंत आणि सिद्धहस्त लेखक. मे १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची मोठी तुकडी घेऊन ते सेनापती बापट यांच्यासह पोर्तुगीज हद्दीत शिरले. तेथे त्यांना मारहाण झाली आणि दीर्घ मुदतीची शिक्षा ठोठावण्यात आली. संयुक्त महाराष्ट्राचे रणकंदन चालू असताना ते गोव्याच्या तुरुंगात होते. १९५७ च्या प्रारंभी त्यांची सुटका झाली आणि लगोलग ते निवडणुकीच्या रिंगणात उतरले.

पुण्याच्या मतदारासमोर असे दोन उमेदवार होते. दोघेही स्वातंत्र्यसैनिक, दोघेही सुसंस्कृत, दोघेही मराठीचे लेखक आणि दोघेही मनाने संयुक्त महाराष्ट्रवादी. फरक एवढाच, की एकाच्या पाठीशी समिती होती आणि दुसऱ्याच्या पाठीशी द्विभाषिक राज्य लादणारा पक्ष. मतदाराने व्यक्तीकडे पाहिले नाही, प्रश्नाकडे पाहिले. काकासाहेब पराभूत झाले आणि नानासाहेब गोरे लोकसभेत गेले.

ही लाट एकट्या पुण्यापुरती नव्हती. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे अनेक बुरूज ढासळले. पुण्यातून एस. एम. जोशी आणि मुंबईतून आचार्य अत्रे विधानसभेत गेले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनाही कराडमध्ये थोडक्या मतांनी विजय मिळाला. गुजरात आणि विदर्भाच्या बळावर काँग्रेसने मुंबई राज्यातील सत्ता राखली. परंतु मराठी मुलखाचा कौल दिल्लीला स्पष्टपणे वाचता आला. तीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र राज्य निर्माण झाले. १९५७ साली मतपेटीने जे सांगितले, त्याची परिणती या दिवसात झाली.

येथे क्षणभर थांबून विचार करावासा वाटतो. पुण्याच्या मतदाराने काकासाहेबांवर अन्याय केला काय? तसे म्हणता येणार नाही. मतपत्रिकेवर मनातील भाव छापलेले नसतात, पक्ष छापलेला असतो. काकासाहेबांना मत देणे म्हणजे त्या निर्णयाला मत देणे, असेच दिल्लीत वाचले गेले असते. मग काकासाहेब चुकले काय? हेही सरळपणे सांगणे कठीण आहे. देशमुखांनी पद सोडले, ते योग्यच होते. परंतु संस्थेत राहून विरोधी मत नोंदविणे आणि त्याची किंमत स्वतः चुकविणे, यालाही धैर्य लागते. संसदेत बोलून त्यांनी पक्षश्रेष्ठींची नाराजी ओढवून घेतली आणि पक्षात राहून मतदारांची. दोन्ही बाजूंचा रोष त्यांच्याच वाट्याला आला.

पराभवानंतर

साठी ओलांडलेल्या नेत्याने अशा पराभवानंतर कडवटपणे घरी बसणे स्वाभाविक मानले गेले असते. तसे झाले नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये काकासाहेबांची पंजाबच्या राज्यपालपदी नियुक्ती झाली आणि ऑक्टोबर १९६२ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. पराभूत नेत्याला राजभवनात पाठविण्याची पद्धत पुढे टीकेचा विषय झाली, आणि ती टीका रास्तही आहे. मात्र काकासाहेबांना मिळालेले पंजाब हे विश्रांतीचे ठिकाण नव्हते.

त्या वेळच्या पंजाबात आजचा हरियाणा आणि हिमाचलचा काही भाग समाविष्ट होता. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, चंदीगड ही नवी राजधानी आकार घेत होती आणि प्रतापसिंग कैरों यांच्यासारखा करारी मुख्यमंत्री राज्य चालवीत होता. मंत्री असताना काकासाहेबांनी ज्या भाक्रा प्रकल्पाला चालना दिली, त्याची अवाढव्य भिंत त्या वर्षांत उभी राहत होती. आणि याच काळात पंजाबी सुभ्याचे, म्हणजे पंजाबी भाषकांच्या राज्याचे आंदोलन पेटले. संत फतेहसिंग आणि मास्टर तारासिंग यांनी उपोषणे केली, हजारो लोक तुरुंगात गेले.

नियतीचा हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. भाषिक राज्याच्या प्रश्नावर ज्यांनी आपली जागा गमावली, त्यांच्याच डोळ्यांसमोर दुसऱ्या एका भाषेची तीच मागणी उभी राहिली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी, म्हणजे द्विभाषिक मुंबई राज्याच्या स्थापनेनंतर बरोबर दहा वर्षांनी, पंजाबचीही पुनर्रचना झाली. ते पाहण्यास काकासाहेब हयात नव्हते.

राज्यपालपदावरून परतल्यावर त्यांनी पुन्हा अक्षरसेवेकडे लक्ष वळविले. राजकारण, अर्थशास्त्र आणि इतिहास असे जड विषय सामान्य वाचकाला समजतील अशा खेळकर मराठीत मांडण्याची हातोटी त्यांना साधली होती. १९६२ साली सातारा येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पथिक या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या सार्वजनिक प्रवासाचा आलेख मांडला. नावही किती समर्पक! पथिकाला मुक्काम असतात, परंतु कोणताही मुक्काम त्याचे घर नसतो. १९६४ साली ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या शहराने त्यांना मतपेटीतून नाकारले होते, त्याच शहरातील विद्यार्थ्यांच्या सेवेत त्यांची अखेरची वर्षे गेली.

१२ जानेवारी १९६६ रोजी काकासाहेबांचे निधन झाले. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली होती. आदल्याच दिवशी ताश्कंद येथे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे देहावसान झाले होते. संपूर्ण देश शोकात बुडालेला असताना महाराष्ट्राचा हा सुपुत्र शांतपणे निघून गेला.

चक्र फिरतच राहते

निवडणुकीचे चक्र कोणासाठी थांबत नाही. १९६२ मध्ये पुण्याची जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली आणि शंकरराव मोरे निवडून आले. नानासाहेब गोरे यांनीही सार्वजनिक कार्य सोडले नाही. ते पुण्याचे महापौर झाले, राज्यसभेत गेले आणि ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त म्हणूनही त्यांनी काम पाहिले. ज्या महाराष्ट्रासाठी ते लढले, त्याच्या स्थापना दिनी, १ मे १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. काकासाहेबांचे सुपुत्र विठ्ठलराव गाडगीळ हे १९८० पासून सलग तीन वेळा पुण्याचे खासदार झाले आणि १९९१ साली विद्यमान खासदार असतानाच भारतीय जनता पक्षाच्या अण्णा जोशी यांच्याकडून पराभूत झाले. पित्याच्या वाट्याला आलेला अनुभव चौतीस वर्षांनी पुत्राच्याही वाट्याला आला.

आज आपल्या परिसरात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक निवडणूक अटीतटीने लढविली जाते. हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी पक्ष बदलतो, कार्यकर्त्यांवर रोष काढतो किंवा पाच वर्षे दिसेनासा होतो, असे चित्र अनेकदा पाहावयास मिळते. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो, भावाभावांत वितुष्ट येते. अशा वेळी काकासाहेबांचे जीवन आपल्याला काही शिकवू शकते. पद ही सेवेची एक संधी आहे, सेवेचे मूळ नव्हे. एक दार बंद झाले, तर विधायक कामाची दुसरी दारे उघडी असतात. पुस्तक लिहिता येते, विद्यार्थी घडविता येतात, दुसऱ्या प्रांताची जखम समजून घेता येते.

मतदारानेही यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. एखाद्याला मत न देणे म्हणजे त्याचा अनादर करणे नव्हे. पुण्याने १९५७ साली काकासाहेबांना घरी पाठविले, कारण त्या वेळचा प्रश्न कोणत्याही एका व्यक्तीपेक्षा मोठा होता. परंतु याच पुण्याने पुढे त्यांना विद्यापीठाच्या सर्वोच्च आसनावर सन्मानाने पाहिले. विरोध आणि आदर एकाच मनात एकत्र नांदू शकतात, हे त्या पिढीने दाखवून दिले. आपल्या आजच्या सार्वजनिक जीवनाला याच वृत्तीची सर्वाधिक गरज आहे.

काकासाहेब गाडगीळ यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!